स्ट्रेप्टोमायसिन नेमकं कुठे बसतं? एका ओळीमागची चाळीस वर्षं

सीएसआयआर नेटची किंवा गेटची तयारी करताना एक तक्ता तुम्ही हमखास पाठ केलेला असतो. डावीकडे अँटिबायोटिकचं नाव, उजवीकडे रायबोसोमचा भाग. स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे ३०एस, क्लोरॅम्फेनिकॉल म्हणजे ५०एस, एरिथ्रोमायसिन म्हणजे ५०एस, सायक्लोहेक्झिमाइड म्हणजे दृश्यकेंद्रकी पेशींचा ८०एस. कुठे कुठे आणखी एक रकाना असतो, त्यात प्रथिनाचं नाव दिलेलं असतं: स्ट्रेप्टोमायसिनसमोर एस१२, स्पेक्टिनोमायसिनसमोर एस५, एरिथ्रोमायसिनसमोर एल४ आणि एल२२.

हा शेवटचा रकाना वाचताना आपण काय समजतो? की औषध त्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि त्याचं काम बंद पाडतं. परीक्षेत तेवढ्यावर मार्क मिळतात. पण हा रकाना मुळात वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. 'कुठल्या प्रथिनात बदल झाला की जिवाणू औषधाला दाद देत नाही?' हा तो प्रश्न. 'औषध कुठे बसतं?' हा दुसरा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे स्पष्ट व्हायला रायबोसोमच्या अभ्यासकांना अनेक वर्षं लागली. आणि तुम्ही उद्या संशोधनात एखादं इनहिबिटर हातात घेणार असाल, तर या दोन प्रश्नांची गल्लत तुमच्याही प्रबंधात शिरू शकते. म्हणून आज फक्त स्ट्रेप्टोमायसिनची ओळ घेऊ आणि ती कशी लिहिली गेली ते क्रमाने पाहू.

औषध आधी, रायबोसोम नंतर

१९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ नावाचा पीएचडीचा विद्यार्थी मातीतले जिवाणू तपासत होता. वय २३. स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसिअस या जिवाणूपासून त्याला एक पदार्थ मिळाला. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना तो मारत होता, आणि पुढे दिसलं की क्षयरोगाच्या जंतूलाही मारतो. जानेवारी १९४४ मध्ये शॅट्झ, एलिझाबेथ ब्यूगी आणि वॅक्समन यांच्या नावाने पेपर आला. नावांचा क्रमही तोच: पहिलं नाव विद्यार्थ्याचं.

पुढचं तुम्ही ऐकलं असेल. १९५२ चं नोबेल एकट्या वॅक्समन यांना मिळालं. त्याआधी, १९५० मध्ये, शॅट्झने कोर्टात दावा लावला होता आणि तडजोडीत त्याला सहशोधक म्हणून कायदेशीर मान्यता आणि रॉयल्टीचा वाटा मिळाला होता. संशोधनात येऊ पाहणाऱ्यांनी ही गोष्ट माहीत असू द्यावी. पण आज आपला विषय श्रेयाचा नाही, यंत्रणेचा आहे.

१९४७-४८ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने या औषधाची चाचणी घेतली. यादृच्छिक पद्धतीने रुग्णांचे गट पाडणारी ही सुरुवातीची मोठी चाचणी. एकूण १०७ रुग्ण. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले ४ जण दगावले होते, दुसऱ्यातले १४. आकडे बोलके आहेत. पण त्याच अहवालात दुसरी गोष्टही होती: औषध घेणाऱ्या बहुतेकांच्या थुंकीतले जंतू काही आठवड्यांत-महिन्यांत औषधाला दाद देईनासे झाले होते. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनवर क्षयरोग बरा करण्याची आशा तिथेच मावळली. पुढे पीएएस आणि आयसोनियाझिड यांच्या जोडीने औषधं देण्याची पद्धत आली. आपल्याकडे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने आधी पेनिसिलिन आणि नंतर स्ट्रेप्टोमायसिनही बनवलं, हे पुणे-चिंचवडच्या वाचकांना माहीत असेलच.

आता तारखा नीट पाहा. १९४८ पर्यंत औषध दवाखान्यात पोचलं होतं. हे औषध कशावर काम करतं हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण ज्या वस्तूवर ते काम करतं तिला अजून नावही नव्हतं. जॉर्ज पलाडे यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पेशीतले बारीक कण दाखवले ते १९५० च्या दशकाच्या मध्यात. 'रायबोसोम' हा शब्द रिचर्ड रॉबर्ट्स यांनी सुचवला १९५८ मध्ये. म्हणजे लाखो लोकांच्या शरीरात औषध गेलं तेव्हा त्याचं लक्ष्य शास्त्राला अनोळखी होतं.

पहिला अंदाज: पडदा

मग सुरुवातीला लोकांनी काय पाहिलं? जे मोजता येत होतं ते. १९६० मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये बर्नार्ड डेव्हिस यांच्याबरोबर नित्या आनंद यांनी ई. कोलायवर प्रयोग केले. हे तेच नित्या आनंद, जे पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे संचालक झाले. त्यांना दिसलं की स्ट्रेप्टोमायसिन दिलं की पेशीच्या पडद्याला इजा होते. आतले पदार्थ बाहेर गळतात, बाहेरचे आत शिरतात. आणखी एक गोष्ट दिसली: सोबत क्लोरॅम्फेनिकॉल दिलं, म्हणजे प्रथिनं बनणं थांबवलं, तर स्ट्रेप्टोमायसिनचा मोठा लोंढा पेशीत शिरतच नाही आणि पेशी वाचतात.

ही दुसरी नोंद लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

१९६१ मध्ये स्पॉट्स आणि स्टॅनियर यांनी वेगळी मांडणी केली. स्ट्रेप्टोमायसिनला जिवाणू तीन तऱ्हांनी उत्तर देतात. काही मरतात, ते संवेदी. काही बधत नाहीत, ते प्रतिकारक. आणि काही चक्क औषधाशिवाय जगूच शकत नाहीत! हे औषधावलंबी जिवाणू मिलर आणि बोनहॉफ यांनी १९४७ मध्येच मेंदुज्वराच्या जंतूंत दाखवले होते. हे तिन्ही प्रकार एकाच जागच्या जनुकीय बदलांनी होतात. तेव्हा पडदा, श्वसन, आम्लं अशी दहा लक्ष्यं शोधण्यापेक्षा एकच लक्ष्य मानलं तर तिन्ही गोष्टींचा उलगडा होतो, आणि ते लक्ष्य रायबोसोम असावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या हातात थेट पुरावा नव्हता. होता तो तर्क. पण तर्क तपासण्याजोगा होता, म्हणून तो कामाला आला.

परीक्षानळीतले तुकडे

तपासायचं साधनही त्याच वर्षी मिळालं. १९६१ मध्ये नीरेनबर्ग आणि मथाई यांनी पेशी फोडून मिळवलेल्या अर्कात पॉली-यू हा कृत्रिम आरएनए घातला आणि फक्त फिनाइलअॅलानिनची साखळी मिळवली. जनुकीय संकेताचा पहिला शब्द यातून उलगडला, हे आपण शिकतो. पण औषधांवर काम करणाऱ्यांसाठी यात आणखी एक भेट होती: आता पेशीचा पडदा वगळून, नुसत्या रायबोसोमवर औषधाचा परिणाम मोजता येत होता.

१९६२ मध्ये दिसलं की संवेदी जिवाणूंच्या रायबोसोमचं काम स्ट्रेप्टोमायसिनने मंदावतं, प्रतिकारकांच्या रायबोसोमचं फारसं नाही. अर्कातला बाकीचा द्रव कुणाचाही घ्या, निकाल रायबोसोम ठरवतो. म्हणजे पडदा नसतानाही फरक दिसतो.

१९६४ मध्ये याच्याही पुढची पायरी आली. रायबोसोमचे दोन भाग वेगळे करता येतात आणि परत जोडता येतात. मग अदलाबदल करून पाहायची. ३०एस प्रतिकारक जिवाणूचा, ५०एस संवेदी जिवाणूचा: रायबोसोम प्रतिकारक. उलट जोडी केली: रायबोसोम संवेदी. म्हणजे निर्णय ३०एसचा. ज्युलियन डेव्हीज यांनी आणि स्वतंत्रपणे कॉक्स, व्हाइट आणि फ्लॅक्स यांनी हे दाखवलं. (हे डेव्हीज वेगळे आणि वरचे बर्नार्ड डेव्हिस वेगळे. पेपर शोधताना गोंधळू नका.) तुमच्या तक्त्यातलं '३०एस' ते इथून आलं.

हा प्रयोग मुद्दाम सावकाश समजून घ्या. यात एकही महागडं यंत्र निर्णायक नाही. निर्णायक आहे ती चार जोड्यांची मांडणी: संवेदी-संवेदी, संवेदी-प्रतिकारक, प्रतिकारक-संवेदी, प्रतिकारक-प्रतिकारक. यातल्या दोनच जोड्या केल्या असत्या तर शंका उरली असती की वेगळे करून परत जोडताना रायबोसोमच बिघडला असेल. पहिली आणि शेवटची जोडी ही शंका मिटवण्यासाठी असते.

थांबवतं की चुकवतं?

त्याच वर्षी एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. हार्वर्डमध्ये ल्युइजी गोरिनी यांच्याकडे ई. कोलायचे असे प्रकार होते, ज्यांना आर्जिनीन स्वतः बनवता येत नव्हतं, कारण ते बनवणाऱ्या एन्झाइमचं जनुक बिघडलेलं. गोरिनी आणि काटाया यांना त्यांतले काही असे आढळले, की जे स्ट्रेप्टोमायसिनला प्रतिकारक होते आणि औषध असलं तर आर्जिनीनशिवायही वाढत होते. औषध काढलं की वाढ बंद. विष म्हणून ओळखला जाणारा पदार्थ बिघडलेलं जनुक 'दुरुस्त' करत होता!

जनुकाचा बदल तर कायम होता. मग दुरुस्त काय झालं? गोरिनींचं उत्तर: वाचन. बिघडलेला संकेत रायबोसोमने बरोबर वाचला तर निकामी एन्झाइम बनतं. पण अधूनमधून तो चुकीचा वाचला, तर नेमकं कामाचं एन्झाइम थोडंफार बनून जातं. म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन रायबोसोमला चुकायला लावतं.

डेव्हीज, वॉल्टर गिल्बर्ट आणि गोरिनी यांनी हे परीक्षानळीत तपासलं. पॉली-यू घातला की साखळीत फिनाइलअॅलानिन यायला हवं. संवेदी रायबोसोमना स्ट्रेप्टोमायसिन दिल्यावर आयसोल्युसीनही येऊ लागलं. यूयूयूच्या जागी एयूयू वाचल्यासारखं. म्हणजे 'प्रथिननिर्मिती रोखणारं औषध' हे वर्णन अपुरं पडलं. क्लोरॅम्फेनिकॉल कारखाना थांबवतं. स्ट्रेप्टोमायसिन कारखाना मंदावतं, पण चालू असताना खराब मालही काढायला लावतं. तुम्ही इनहिबिटर वापराल तेव्हा हा फरक मनात असू द्या. 'प्रथिन कमी झालं' आणि 'प्रथिन चुकीचं झालं' हे दोन वेगळे परिणाम आहेत, आणि दोन्ही मोजायच्या पद्धती वेगळ्या आहेत.

एकवीस प्रथिनांतलं एक

३०एसमध्ये काय काय असतं? एक मोठा आरएनए, १६एस, आणि ई. कोलायमध्ये २१ प्रथिनं. यांतलं कोण निर्णय घेतं?

विस्कॉन्सिन विद्यापीठात मासायासू नोमुरा यांच्या गटाने हा प्रश्न धसास लावला. १९६८ मध्ये ट्रॉब आणि नोमुरा यांनी ३०एसचे सगळे घटक सुटे केले आणि ते परत एकत्र करून काम करणारा ३०एस उभा केला. घड्याळ पूर्ण उघडून, सगळे भाग एका वाटीत टाकून, ढवळून परत चालू करण्यासारखं हे. आपोआप जुळणारी रचना आहे, हेच मुळात मोठं होतं. पण त्यातून प्रयोगाचं एक नवं साधनही मिळालं. वीस प्रथिनं संवेदी जिवाणूची घ्या, एकच प्रतिकारकाचं घ्या, जुळवा आणि औषध देऊन पाहा. मग दुसरं बदला. मग तिसरं.

१९६९ मध्ये ओझाकी, मिझुशिमा आणि नोमुरा यांनी उत्तर दिलं: एकच प्रथिन. त्याला ते पी१० म्हणत. नंतर सगळ्या प्रयोगशाळांची नावं एकसारखी झाली तेव्हा ते एस१२ झालं. १९७२ मध्ये फुनात्सू आणि विटमन यांनी प्रतिकारक जिवाणूंच्या एस१२ मध्ये नेमकी कुठली अमिनो आम्लं बदलली आहेत तेही दाखवलं. बदल साखळीतल्या दोनच ठिकाणांभोवती गोळा झालेले होते.

तक्त्यातला 'एस१२' इथून आला. आणि इथेच एक उडी मारली जाते. प्रयोग सांगतो: एस१२ बदललं की प्रतिकार येतो. वाचणारा ऐकतो: औषध एस१२ वर बसतं. पहिल्या वाक्यातून दुसरं निघत नाही. घराची एक भिंत हलवली म्हणून दार लागेनासं झालं, तर कडी भिंतीला होती असं सिद्ध होत नाही.

एस१२ नुसतं कडी नाही याचा इशारा त्याच काळात मिळाला होता. एस१२ मधल्या अनेक प्रतिकारक बदलांनी रायबोसोम औषध नसतानाही जास्त काटेकोर वाचतो, आणि त्यापायी सावकाश चालतो. उलट, १९६९ मध्येच रोसे आणि गोरिनी यांनी रॅम नावाचे बदल वर्णन केले, ज्यांनी रायबोसोम औषध नसतानाच ढिला होतो आणि जास्त चुकतो. हे बदल एस४ मध्ये आणि पुढे एस५ मध्येही सापडले. म्हणजे अचूकतेला जणू एक तराजू आहे: एका बाजूला एस१२, दुसऱ्या बाजूला एस४-एस५. औषधावलंबी जिवाणूंचं कोडं यातून सुटतं. त्यांचा एस१२ इतका कडक झालेला असतो की रायबोसोम बरोबर टीआरएनएलाही नीट आत घेत नाही. स्ट्रेप्टोमायसिन त्याला थोडं ढिलं करतं, तेव्हा कुठे तो चालतो. आणि एस४ मध्ये रॅम बदल झाला की औषधाची गरज उरत नाही.

हे सगळं वाचल्यावर तुमच्या लक्षात येईल की प्रतिकार दोन वाटांनी येऊ शकतो. औषधाची जागाच बदलली, ही एक वाट. औषध जो झुकाव निर्माण करतं त्याच्या उलट्या बाजूला रायबोसोम आधीच झुकवून ठेवला, ही दुसरी. नुसता प्रतिकारक जिवाणू मिळाला म्हणून कुठली वाट हे कळत नाही.

सात प्रतींचा पडदा

मग संशयाची सुई आरएनएकडे का वळली नाही? याचं एक उत्तर मला या सगळ्या इतिहासात सर्वांत शिकवणारं वाटतं. ई. कोलायमध्ये रायबोसोमच्या आरएनएच्या जनुकगटाच्या सात प्रती असतात. एस१२ च्या जनुकाची प्रत एकच.

आता विचार करा. स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या प्लेटवर तुम्ही कोट्यवधी जिवाणू पसरले. एखाद्यात एस१२ बदललं, तर त्याचे नवे सगळे रायबोसोम बदललेले. तो वाढतो आणि तुम्हाला वसाहत दिसते. दुसऱ्या एखाद्यात १६एस आरएनएच्या सात प्रतींपैकी एक बदलली. त्याचे बहुतेक रायबोसोम अजूनही संवेदीच. ते औषधाखाली अडकतात, चुकतात, पेशी मरते. आरएनएतला बदल होऊनही तुम्हाला दिसतच नाही. म्हणजे ई. कोलायच्या प्लेटवर प्रथिनांतले बदलच मिळणार, हे जिवाणूच्या रचनेतच ठरलेलं होतं. प्रयोग करणाऱ्याची त्यात चूक नाही. पण 'आम्हाला फक्त प्रथिनांतले बदल मिळाले' यावरून 'औषध प्रथिनावरच काम करतं' असं म्हणणं म्हणजे चाळणीच्या भोकांच्या मापावरून धान्याचा निष्कर्ष काढणं.

ज्या ठिकाणी आरएनएच्या प्रती कमी असतात तिथे चित्र वेगळं दिसतं. क्षयरोगाच्या जंतूत ही प्रत एकच असते. १९९३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणाऱ्या क्षयरोगाच्या जंतूंची तपासणी झाली तेव्हा काहींत एस१२ चं जनुक बदललेलं मिळालं आणि काहींत १६एस आरएनएचं. ज्या रोगासाठी औषध शोधलं गेलं होतं, त्याच रोगाच्या जंतूने दुसरी अर्धी बाजू दाखवली.

त्याआधी १९८७ मध्ये मोअझेड आणि हॅरी नॉलर यांनी दुसऱ्या बाजूने पुरावा आणला होता. आरएनएला काही रसायनं लावली की ती उघड्या पडलेल्या न्यूक्लिओटाइडांवर खुणा करतात. औषध जिथे बसलेलं असतं तिथे खुणा होत नाहीत. स्ट्रेप्टोमायसिनच्या बाबतीत १६एस आरएनएचा ९११ ते ९१५ हा तुकडा झाकला गेला. या पद्धतीत जिवाणू जगतो का मरतो याचा संबंधच नाही, त्यामुळे सात प्रतींची अडचणही नाही.

२००० साल

शेवटी चित्रच मिळालं. सप्टेंबर २००० मध्ये केंब्रिजच्या वेंकी रामकृष्णन यांच्या गटाने थर्मस थर्मोफिलसच्या ३०एसची स्फटिकरचना औषधांसकट प्रसिद्ध केली. वेंकी मूळचे चिदंबरमचे, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, आणि भौतिकशास्त्रातून इकडे वळलेले. रचनेत दिसलं की स्ट्रेप्टोमायसिन १६एस आरएनएच्या चार वेगवेगळ्या भागांच्या कण्याला धरून बसतं आणि सोबत एस१२ च्या एका लायसीनलाही धरतं. बहुतेक पकड आरएनएची, एक हात प्रथिनाचा. अशा रीतीने ते ३०एसला त्याच्या 'ढिल्या', चुका खपवून घेणाऱ्या अवस्थेत पक्कं करतं.

म्हणजे एस१२ वाले बरोबर होते का आरएनएवाले? प्रश्न असा विचारला तर स्ट्रेप्टोमायसिनपुरतं उत्तर 'दोघंही' असं येतं. पण तक्त्यातल्या बाकीच्या ओळी पाहा. स्पेक्टिनोमायसिनचा प्रतिकार एस५ मधून येतो, पण औषध बसतं आरएनएच्या ३४ क्रमांकाच्या वळणावर. एरिथ्रोमायसिनचा प्रतिकार एल४ आणि एल२२ मधून येतो. २००१ च्या रचनेत औषध मात्र नव्या साखळीच्या बोगद्यात २३एस आरएनएला धरून बसलेलं दिसलं. थायोस्ट्रेप्टॉन एल११ आणि आरएनए यांच्यामधल्या फटीत बसतं. प्रत्येक ओळीची गोष्ट वेगळी आहे. त्याच २००० मध्ये स्टाइट्झ यांच्या येल विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी ५०एसची रचना दिली. जिथे पेप्टाइड बंध तयार होतो त्या जागेच्या १८ अँगस्ट्रॉमच्या आत एकही प्रथिन नव्हतं. रायबोसोमचं मुख्य काम आरएनए करतो, प्रथिनं त्याला आकार आणि अचूकता देतात. २००९ चं नोबेल वेंकी, स्टाइट्झ आणि एडा योनाथ यांना मिळालं.

आणि पडद्याचं काय?

आता १९६० च्या नोंदीकडे परत या. रायबोसोम लक्ष्य ठरल्यावर पडद्याची गळती हा दुय्यम तपशील म्हणून बाजूला पडला होता. बर्नार्ड डेव्हिस यांनी मात्र तो सोडला नाही. १९८६-८७ मध्ये त्यांनी मांडलं: थोडंसं औषध आत जातं, रायबोसोम चुकायला लागतात, चुकीची प्रथिनं पडद्यात जाऊन बसतात, पडदा सच्छिद्र होतो, मग औषधाचा लोंढा आत येतो आणि पेशी मरते. आता कळतं की क्लोरॅम्फेनिकॉल दिल्यावर पेशी का वाचत होत्या: प्रथिनंच बनत नाहीत, तर चुकीची कुठून बनणार? आनंद आणि डेव्हिस यांचं निरीक्षण २६ वर्षांनीही खरं होतं. बदलली होती ती साखळीतली त्याची जागा. कारण म्हणून नाही, परिणाम म्हणून.

यात पणाला काय लागलं होतं

हा सगळा कीस परीक्षेपुरता नाही. क्षयरोगाच्या रुग्णांत सापडणाऱ्या एस१२ च्या बदलांत सर्वांत जास्त आढळणारा बदल म्हणजे ४३ व्या जागी लायसीनऐवजी आर्जिनीन. अनेक प्रतिकारक बदल रायबोसोमला मंद करतात, हा जवळजवळ करत नाही. म्हणजे औषध बंद केलं तरी असा जंतू मागे पडत नाही. 'एस१२ बदललं' एवढं कळून भागत नाही. कुठलं अमिनो आम्ल आणि त्याने अचूकतेचं काय झालं, हे माहीत असावं लागतं.

दुसरं उदाहरण आपल्याच पेशींचं. आपल्या मायटोकॉन्ड्रियात स्वतःचे रायबोसोम असतात, जिवाणूंच्या घराण्यातले. काही कुटुंबांत मायटोकॉन्ड्रियाच्या १२एस आरएनएमध्ये १५५५ व्या जागी ए ऐवजी जी असतो. त्यामुळे ती जागा जिवाणूसारखी दिसू लागते, आणि स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिनच्या वर्गातल्या इंजेक्शनांनी अशा माणसाची ऐकण्याची शक्ती कायमची जाऊ शकते. हे १९९३ मध्ये दाखवलं गेलं. लक्ष्य फक्त प्रथिन मानून आरएनए तपासलाच नसता, तर ही गोष्ट सापडली नसती.

तुमच्या कामासाठी

उद्या तुमचे गाइड सांगतील, 'सायक्लोहेक्झिमाइड घाल आणि बघ.' (योगायोग म्हणजे तेही त्याच स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसिअसपासून मिळतं, पण ते आपल्या पेशींच्या रायबोसोमवर चालतं, जिवाणूंच्या नाही.) तेव्हा स्वतःला हे प्रश्न विचारा.

एक: हे औषध थांबवतं, मंदावतं, का चुकवतं? सायक्लोहेक्झिमाइड रायबोसोमला एमआरएनएवर अडकवून ठेवतं. प्युरोमायसिन टीआरएनएचं सोंग घेऊन अर्धवट साखळी सोडवून टाकतं. दोन्हींनी 'प्रथिननिर्मिती बंद', पण पॉलिसोमचं चित्र एकदम उलटं येईल.

दोन: मला दिसतोय तो पहिला परिणाम आहे का साखळीतला चौथा? वेळेनुसार मोजल्याशिवाय हे सांगता येत नाही.

तीन: ज्याचं लक्ष्य बदललंय असा प्रतिकारक प्रकार माझ्याकडे आहे का? त्यातही परिणाम दिसला, तर तो रायबोसोममुळे नाही, औषधाच्या दुसऱ्याच कुठल्या गुणामुळे आहे.

चार: मी जी चाळणी वापरतोय तिच्यातून काय मिळणं शक्यच नाही? सात प्रतींचा प्रश्न प्रत्येक प्रयोगात कुठल्या ना कुठल्या रूपात असतो.

सरावासाठी एक काम देतो. तक्त्यातली दुसरी कुठलीही ओळ घ्या, समजा थायोस्ट्रेप्टॉनची किंवा फ्युसिडिक आम्लाची. एका कागदावर तीन रकाने करा: प्रतिकार कशातून येतो, औषध कुठे बसतं, पेशी कशाने मरते किंवा थांबते. प्रत्येक रकान्यासमोर तो कुठल्या पद्धतीने कळला ते लिहा. जिथे एकाच प्रयोगावरून दोन रकाने भरायचा मोह होईल, तिथे पेन्सिलीने खूण करा आणि मूळ पेपर उघडा. पुढच्या लेखात आपण थायोस्ट्रेप्टॉनचीच ओळ घेणार आहोत, तेव्हा तुमचा कागद जवळ ठेवा.